लेकीसाठी पुण्या-मुंबईचं कॉलेज निवडताना सुरक्षितता नेमकी कशात बघायची?

सातव्या गल्लीतली आई

नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. थोरल्या लेकीला एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, चांगले पर्सेंटाइल पडलेत. कॅप राउंडचा (केंद्रीय प्रवेशाचा) कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म पुढच्या आठवड्यात भरायचाय आणि घरात एकमत होईना. तिला मुंबईत माटुंग्याला व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजला जायचंय. माझा जीव पुण्यात अडकलाय, कारण माझी चुलत जाऊ कोथरूडला असते. सासूबाई म्हणतात, कोल्हापुरात काय कॉलेजं नाहीत होय? पोरीला घरचा डबा तरी मिळेल.

अभ्यास, प्लेसमेंट, खर्च हे सगळं बघून झालंय. माझं अडलंय ते सुरक्षिततेवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट एसटी आगारात उभ्या शिवशाही बसमध्ये बलात्काराचं जे प्रकरण घडलं, ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. पहाटे गावी जायला थांबलेली मुलगी. माझी लेकही उद्या त्याच फलाटावर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभी राहणार.

गेल्या शनिवारी सकाळी अकराला पुण्यातल्या एका कॉलेजचं मुलींचं हॉस्टेल बघून आलो. उंच गेट, दोन वॉचमन, जिन्यात कॅमेरे, अंगठा लावायचं मशीन. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडं आजवर एकही तक्रार नाही. आणि साडेआठला गेट बंद म्हणजे बंद." ह्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. परतीला कराडच्या अलीकडं लेक म्हणाली, "आई, मी आठ चाळीसला आलो तर कुठं जायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. कुणी हॉस्टेलात राहिलंय, चालवलंय, पोरी पाठवल्यात, त्यांनी सांगा. काय बघायचं, कुणाला काय विचारायचं?

शाहूपुरीकर

वहिनी, माझा मुलगा अमेरिकेत शिकला, तेव्हा एक गोष्ट कळली ती सांगतो. तिथं १९८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी नावाच्या मुलीचा तिच्याच हॉस्टेलच्या खोलीत खून झाला. दारं आपोआप बंद होणारी होती, पण येण्याजाण्याच्या सोयीसाठी कुणीतरी ती अडकवून उघडी ठेवली होती. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा झाला. तेव्हापासून तिथल्या कॉलेजांना दरवर्षी गेल्या तीन वर्षांतल्या गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. आम्ही ते घरी बसून वाचले होते.

आपल्याकडं एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या विभागाचे, आकडे शहराचे मिळतात, कॉलेजचे नाहीत. पुणे बरं की मुंबई, हे त्या आकड्यांवरून ठरवू नका. जिथं पोलिस तक्रार लिहून घेतात तिथला आकडा मोठा दिसतो. शहर एवढं मोठं असतं की तुमच्या लेकीचं शहर म्हणजे हॉस्टेल ते कॉलेज दीड किलोमीटर. तेवढंच बघा.

माजी रेक्टर, मंगळवार पेठ

ताई, पुण्यात मुलींच्या दोन वसतिगृहांवर मिळून १९ वर्षं रेक्टर होते. आता गावी परत आलेय. तुमच्या लेकीनं विचारलेला प्रश्न मी पहिल्या वर्षी विचारायला हवा होता. मला तो सुचायला एक पावसाळा जावा लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवी रुजू झाले तेव्हा टेबलावर आवक-जावक रजिस्टर ठेवलेलं होतं. १४० मुली. सगळ्यांच्या नावापुढं परतल्याची वेळ ७.५५, सगळ्या सह्या एकाच निळ्या पेननं, एकाच हाताच्या. मला वाटलं, वा, काय शिस्त आहे. जुलैतल्या एका रात्री धो धो पाऊस होता. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी प्रॅक्टिकल संपवून निघाली, बस वाटेत बंद पडली. ती नऊला गेटवर आली. वॉचमननं नियमाप्रमाणं उघडलं नाही. मला फोन करायची तिला भीती वाटली, कारण उशिरा आलं की दंड आणि घरी फोन, असा फलकच लावलेला होता. ती तासभर समोरच्या एटीएमच्या पायरीवर बसली. मग वर्गातल्या एका ओळखीच्या मुलीच्या कॉटवर झोपायला म्हणून रिक्षानं एकटी तीन किलोमीटर गेली. रजिस्टरात तिची वेळ काय? ७.५५.

सकाळी ती माझ्यासमोर ओल्या सलवारीत उभी होती आणि "चुकलं मॅडम" म्हणत होती. त्या दिवशी मी फलक काढला. नियम एवढाच ठेवला की गेट कितीही वाजता उघडायचं, मुलगी आत घ्यायची, गरम पाणी द्यायचं, विचारपूस सकाळी. पहिल्या महिन्यात रजिस्टरात उशिराच्या ११ नोंदी आल्या. व्यवस्थापनातले लोक म्हणाले, मुली बिघडल्या. मुली आधीही उशिराच येत होत्या, फक्त आता खरं लिहिलं जात होतं.

म्हणून हॉस्टेल बघायला गेलात की गोड बोलून रजिस्टर मागा. महिन्यात एकही उशिराची नोंद नसेल तर मला ते चांगलं वाटत नाही. "एकही तक्रार नाही" याचंही तसंच. शेकड्यानं मुली राहतात तिथं वर्षानुवर्षं एकही तक्रार येत नसेल, तर बहुतेक वेळा तक्रार घेऊन जायला जागाच नसते. त्या मॅडमना खोटं बोलायचं असेल असं नाही. त्यांच्यापर्यंत काही पोचतच नसेल.

सकाळी अकराला जाऊ नका. रात्री आठ ते साडेनऊ जा. लेकीला घेऊन, गाडी न घेता, ती ज्या स्टॉपवर उतरणार तिथून गेटपर्यंत चालत जा. तिला दोन पावलं पुढं चालू द्या, तुम्ही मागं राहा. रस्त्यावर काय उघडं आहे ते बघा. आपल्याला कोल्हापुरात निवांत जागा चांगली वाटते. मोठ्या शहरात ज्या रस्त्यावर मेडिकल, झेरॉक्स, चहाची गाडी, इस्त्रीवाला दहापर्यंत असतात तो रस्ता मुलीचा. माहितीपत्रकात 'शांत, निसर्गरम्य परिसर' लिहिलेलं असतं तिथं मी आधी कंपाउंडची भिंत किती लांब आहे ते बघते. अर्धा किलोमीटर सलग भिंत, मध्ये एक दार नाही, एक दुकान नाही, तर दिवे असले तरी तो पट्टा वाईट.

मग आतलं. भीती आपण गेटबाहेरच्या माणसाची धरतो. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. संशय तिथल्याच, बऱ्याच वर्षांच्या वॉचमनवर आला आणि त्यानंही रेल्वेखाली जीव दिला. सुट्टीचे दिवस होते, बहुतेक मुली गावी गेल्या होत्या, मजला जवळपास रिकामा होता. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला एक प्रश्न विचारायला सांगते: सुट्टीत चार-पाचच मुली राहिल्या तर त्यांना एका मजल्यावर आणता का? ज्या हॉस्टेलात "हो, आम्ही तळमजल्यावर आणतो, बाईही तिथंच झोपतात" असं उत्तर पटकन आलं, तिथं कुणीतरी विचार केलेला आहे. ज्यांना प्रश्नच समजला नाही, त्यांनी केलेला नाही.

रात्री आवारात कोण बाई झोपते? नुसती नेमणूक नको, खरोखर झोपते का? हॉस्टेलचा रात्रीचा नंबर घ्या आणि घरी आल्यावर एकदा रात्री अकराला फोन करा. उचलला तर माफी मागा, सांगा की बघत होते. चांगल्या बाईला राग येणार नाही. मला असे फोन आले की मी त्या पालकांची नावं लक्षात ठेवायचे.

चॅनल गेटला रात्री कुलूप असतं, त्याची किल्ली कुणाकडं? बाहेरच्या वॉचमनकडंच असेल तर आग लागल्यावर मुली आत अडकतात. गच्चीच्या दाराचंही तेच. आणि खासगी जागेत गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवला असेल, वर हवा जायला झरोका नसेल, तर तिथं राहायचंच नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, अंघोळ करता करता माणूस पडतं. पालक दहा कॅमेरे मोजतात, गिझरकडं कुणी बघत नाही.

कागदाचं थोडक्यात सांगते. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणं प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती लागते. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती, आणि विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तेव्हा तीन विद्यार्थी सदस्य. कुलगुरू, कुलसचिव, डीन अशा वरच्या पदांवरच्यांनी समितीत बसायचं नाही, म्हणजे दबाव नको. तक्रार तीन महिन्यांत करायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. या समितीचा फलक भिंतीवर असतो. तो वाचा. त्यावरच्या बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या असतील तर तुम्हाला कळलं. आणि फलकाजवळून जाणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, "बाळ, यातलं कोण तुझ्या ओळखीचं?" नॅकला, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेला, दिलेला अहवाल कॉलेजच्या वेबसाइटवर असतो. त्यात तक्रार निवारण आणि मुलींच्या सुरक्षिततेवर कॉलेजनं स्वतः काय लिहिलंय ते लेकीबरोबर बसून वाचा आणि प्रत्यक्षात ते दिसतं का बघा.

रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र तुम्हाला आणि लेकीला दोघींना भरायचं आहे, ते न वाचता सही करून टाकू नका. २००९ च्या नियमांत पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवावं असं आहे. ठेवतात का विचारा. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, दिवसरात्र चालू असते.

आता जे मला खरं सांगायचंय ते. १९ वर्षांत माझ्याकडं मुली ज्या गोष्टी घेऊन आल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा पहिलं वाक्य एकच होतं: "मॅडम, घरी सांगू नका." दुकानदार रोज काहीतरी बोलतो, सर केबिनमध्ये बोलावतात, बसमध्ये हात लागला, सीनियरनं फोटो मागितला. घरी का नको? "बाबा परत घेऊन जातील." मुलीला वाटतं, बोललं की शिक्षण गेलं. मग ती सहन करते, आणि त्रास देणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं. कॉलेज निवडण्याआधी तुम्ही आणि तिच्या बाबांनी तिला समोर बसवून सांगा: तू काहीही सांगितलंस तरी तुझं कॉलेज बंद करणार नाही. तुझ्याबरोबर येऊन उभे राहू. आणि हे सांगितलं की पाळावं लागतं, हे तिच्या बाबांना नीट समजू दे.

माझे आजोबा कागलजवळच्या खेड्यातून येऊन दसरा चौकातल्या बोर्डिंगात राहून शिकले. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं उभी केली, म्हणून आमच्या घरात शिक्षण आलं. त्यांची आईही वेशीपर्यंत रडत आली होती म्हणे. तुमचं काळीज मला कळतं.

बावड्याची पोरगी

मावशी, मी कसबा बावड्याची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मॅडमनी जे लिहिलंय ते वाचून दोन वेळा डोळे भरून आले.

मी एवढंच सांगतो की कॉलेजचं हॉस्टेल चारही वर्षं मिळेलच असं धरू नका. जागा कमी असतात, मेरिटवर देतात. मी दुसऱ्या वर्षापासून कॉट बेसिसवर, खासगी खोलीत एका कॉटचं भाडं भरून राहतो. म्हणजे तुम्ही आज जे गेट बघताय ते एका वर्षापुरतं असू शकतं. त्यामुळं कॉलेजात "दुसऱ्या वर्षाच्या मुली कुठं राहतात?" हे विचारा आणि ती गल्लीपण बघून या.

कॉट घेताना मी काय बघतो: मालक-मालकीण त्याच इमारतीत आहेत का, दाराला आतून कडी नीट लागते का, बाथरूमच्या खिडकीला जाळी आहे का, आणि आधीची मुलगी का सोडून गेली. आधीच्या मुलीचा नंबर मागायचा. देत नसतील तर डिपॉझिट द्यायचं नाही. मी एकदा घाईत दिलं. एजंटनं आदल्या दिवशी दाखवलेली खोली एक आणि मिळाली दुसरी, तिच्या कडीचा एक स्क्रू निघालेला. पहिले आठ दिवस मी दाराला कॉट लावून झोपलो. घरी सांगितलं नव्हतं.

स्वारगेटचं. आम्ही कोल्हापूरच्या मुलींनी ग्रुप केलाय. शुक्रवारी कोण कोण निघतंय ते त्यात टाकतो आणि दोघी-तिघी मिळून जातो. पहाटेची गाडी घेत नाही. सकाळी सातनंतरची घेतो, म्हणजे उजेडात चढतो आणि उजेडातच पोचतो. गाडी कुठं लागली हे फक्त चौकशी खिडकीवर विचारायचं. त्या प्रकरणात तो माणूस 'ताई' म्हणूनच बोलला होता आणि गाडी तिकडं लागलीय म्हणून घेऊन गेला, असं बातम्यांत होतं. आपण कोल्हापूरची माणसं कुणी ताई म्हटलं की विश्वास टाकतो. तुमच्या लेकीला हे नक्की सांगा. तिकीट अर्धं आहे तर महिन्यातून एकदा तुम्हीच या की मावशी.

रात्री रिक्षात बसलं की नंबर प्लेटचा फोटो ग्रुपवर. ११२ डायल करून बघितलेला आहे, खरंच फोन येतो उलट. आमच्या गल्लीत टवाळ पोरं बसायची, पोलिसांच्या दामिनी पथकाच्या ताई दोनदा येऊन गेल्या, आता बसत नाहीत.

सातव्या गल्लीतली आई

सगळ्यांचे आभार. रेक्टर मॅडम, एक विचारते. फोनवर लेकीचं लोकेशन चालू ठेवायचं का? हे म्हणतात, कायम ठेवायचं.

माजी रेक्टर, मंगळवार पेठ

तिनं स्वतःहून दिलं तर घ्या. रात्रीच्या प्रवासापुरतं घेणं उत्तम. दिवसभर बघत बसाल तर ती फोन खोलीत ठेवून बाहेर जाईल. माझ्याकडं अशा कितीतरी मुली होत्या, फोन उशीखाली आणि मुलगी गावात. तेव्हा खरी गरज पडली तर हातात फोन नाही.

मुंबईत बघायला गेलात तर आणखी एक विचारा. जुलैत लोकल बंद पडल्या, किंग्ज सर्कलला पाणी भरलं, तर अडकलेल्या मुलींचं काय करता? आणि कोल्हापूरच्या पुराचंही मनात धरा. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. तेव्हा माझ्याकडं आपल्या भागातल्या नऊ मुली होत्या. घर पाण्यात, फोन लागत नाही, मेस सुट्टीमुळं बंद. असं झालं तर लेक कुणाकडं जाईल, त्या घराचा पत्ता तिच्या वहीत लिहून द्या. कोथरूडची जाऊबाई पुण्याला उपयोगी, मुंबईत कोण?

सातव्या गल्लीतली आई

मॅडम, जाऊन आलो. ह्यांना दुकान सोडता आलं नाही, मी आणि लेक दोघीच.

आधी पुणे. त्याच हॉस्टेलला, पण यावेळी रात्री. दिवसा बघितलेला रस्ता ओळखू आला नाही. तुम्ही म्हणालात तसली भिंत, डाव्या हाताला एक बंद गोडाऊन, तीन दिवे बंद. लेक पुढं चालत होती आणि तिची ओढणी अंधारात दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. रात्रीचा नंबर लावला, वाजून वाजून बंद झाला.

मग महालक्ष्मीनं मुंबई. दादरला उतरलो, दिवसभर कॉलेज, मुलींशी बोलणं. फलकाजवळच्या पहिल्याच मुलीनं समितीतल्या बाईंचं नाव सांगितलं, "आमच्याच डिपार्टमेंटच्या आहेत, तुम्हाला भेटायचंय का?" म्हणाली. रात्री नऊला माटुंगा स्टेशनवरून चालत गेलो. फुलवाले बसलेले, इडलीवाल्यांकडं गर्दी, बायका पिशव्या घेऊन निघालेल्या. स्टेशनात तिकीट देणारी बाई, तपासणारीही बाईच. तिथं सगळ्या बायकाच काम बघतात हे मला माहीत नव्हतं, २०१७ पासून तसं आहे म्हणे. पुढं मात्र बागांकडं वळल्यावर झाडी दाट आहे, माणसं कमी, तो पट्टा मला आवडला नाही. लेकीनं तिथल्या मुलींना विचारलं. त्या म्हणाल्या, आठनंतर आम्ही त्या बाजूनं जात नाही, थोडं लांब पडलं तरी मोठ्या रस्त्यानं येतो. तिनं तो रस्ता फोनमध्ये खूण करून ठेवला. हॉस्टेलच्या बाईंना सुट्टीचं विचारलं तर म्हणाल्या, कमी मुली असतील तर एकत्र आणतो, आणि नंतर मला विचारलं, "तुम्हाला हा प्रश्न कुणी सांगितला?" तुमचं सांगितलं.

परतीच्या गाडीत, दिवे मालवल्यावर, मी तिला ते वाक्य सांगितलं. काहीही सांगितलंस तरी कॉलेज बंद करणार नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग वरच्या बर्थवरून खाली वाकून म्हणाली, "मग एक सांगू?" गेल्या वर्षी क्लासहून येताना सायक्स एक्स्टेन्शनपासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत एक मुलगा गाडीवरून तिच्या मागं यायचा. दोन महिने. रोज सायकलीचा वेग वाढवून घरी यायची आणि मी म्हणायचे, किती धापा टाकतेस, हळू येत जा की. तिनं सांगितलं नाही, कारण आम्ही क्लास बंद केला असता. आणि खरंच केला असता. सासूबाईंनी तर दुसऱ्या दिवशीच.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून तिच्या खोलीत गेले आणि बराच वेळ तिथंच बसले. सासूबाईंनाही सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, मुंबईला डबा पाठवता येतो का.

फॉर्म काल भरला. पहिलं माटुंगा, दुसरं पुणे, तिसरं इथलं. बावड्याच्या पोरी, दुसऱ्याचा नंबर लागला तर तुमच्या ग्रुपमध्ये हिला घे. मॅडम, मुंबईत आपल्या भागातलं कुणी ओळखीचं असेल, रात्री-अपरात्री दार उघडेल असं घर, तर मला निरोप पाठवा. तो पत्ता अजून वहीत लिहायचा राहिलाय.